ऐन प्रोग्रामात लॅपटॉप बसला तर?

प्रश्न: मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, सगळे साउंड मॅकबुकवर मेनस्टेज या लाइव्ह वाजवायच्या ॲपमध्ये आहेत. गणपतीत रोज प्रोग्राम. बॅकअपला २ टीबीची हार्ड डिस्क घेतली, मॅकचं आपोआप बॅकअप घेणारं टाइम मशीन लावलंय, एवढं पुरेल ना? – एक वाचक, सांगली

उत्तर: नाही पुरणार हो. टाइम मशीन चांगलंच आहे, पण ते घरी निवांत बसून फाइली परत आणायला, अख्खा लॅपटॉप त्यावरून उभा करायचा तर तास तास जातात आणि तोवर निवेदक विनोद तरी किती सांगणार! ती हार्ड डिस्क घरीच राहू द्या, फिरती चकती असते आत, टेम्पोतले धक्के तिला सोसत नाहीत. सोबत न्यायला एसएसडी (फिरती चकती नसलेला ड्राइव्ह) घ्या, मॅकच्या एपीएफएस पद्धतीत फॉरमॅट करा, आणि त्यावर कॉन्सर्ट फाइल (मेनस्टेजमधली तुमची सगळी मांडणी), सॅम्पल लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा), प्लगइनचे (आवाजांच्या जोड-सॉफ्टवेअरचे) इन्स्टॉलर असं सगळं ठेवा. मॅकमध्ये ॲपलची एम१ किंवा पुढची चिप असेल तर एक गोम आहे, आतला एसएसडी मेला की मॅक बाहेरच्या ड्राइव्हवरूनही चालू होत नाही, म्हणजे नुसत्या क्लोनच्या (बाहेरच्या ड्राइव्हवर केलेल्या अख्ख्या मॅकच्या प्रतीच्या) भरवशावर राहू नका, दुसरा मॅक लागतोच, मित्राचा जुना असला तरी चालेल, फक्त प्लगइनची लायसन्स आधीच त्यावर टाकून ठेवा, मंडपात नेट मिळेलच असं नाही.

आणि हो, एकदा घरी त्या दुसऱ्या मॅकला एसएसडी लावून दोन-तीन गाणी पूर्ण वाजवून बघा. सॅम्पल सापडत नाही म्हणून खिडकी आली तर ती तिथेच येऊ दे. मग शेवटच्या प्रोग्रामपर्यंत अपडेट बंद!