नागपुरातल्या फ्लॅटमध्ये ससा पाळता येईल का?

तुम्ही विचारलंय की त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर राहता, आठवीतल्या मुलीला ससा हवाय, तर फ्लॅटमध्ये जमेल का, आपल्या उन्हाळ्यात तो टिकेल का, आणि गाजराशिवाय त्याला काय द्यायचं. माझ्याकडे दोन ससे आहेत, घरातच मोकळे फिरतात. फ्लॅटमध्ये नक्की जमतं. फक्त ससा घरात येण्याआधी वाळलं गवत, थंड खोली आणि सशांवर उपचार करणारा डॉक्टर, एवढी तीन कामं झालेली हवीत.

आधी खाण्याचं, कारण बरेच ससे चुकीच्या खाण्यामुळेच जातात. सशाचं मुख्य अन्न म्हणजे वाळलेलं गवत. ते दिवसरात्र समोर हवं, हवं तेवढं. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच झिजतात. त्याचं पोटही सतत तंतुमय खाणं आत जात असेल तरच चालतं. पोटाचं चालणं थांबलं की गॅस धरतो, आणि सशाला उलटी करता येत नाही. म्हणून अर्धा दिवस ससा काही खात नसेल किंवा लेंड्या पडल्या नसतील, तर उद्या सकाळपर्यंत वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. ससा सहसा ओरडत नाही, कण्हत नाही. मोठे प्राणी ज्याला धरून खातात, तो प्राणी आपलं दुखणं लपवतो. त्याची तब्येत सांगतात त्या लेंड्याच. मी रोज सकाळी ट्रे साफ करताना त्या नीट बघते. गोल, कोरड्या, सारख्या आकाराच्या असल्या की ठीक. बारीक झाल्या किंवा कमी पडल्या की त्या दिवशी माझं लक्ष त्याच्यावरच असतं. पहाटे तो मऊ, घोसासारख्या लेंड्या थेट तोंडाने उचलून खातो. ते बघून घाबरू नका, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. लघवी कधीकधी लालसर नारिंगी दिसते, तेही बहुधा पाल्यातल्या रंगामुळे असतं.

टिमोथी गवताची पाकिटं ऑनलाइन मिळतात. तणस (भाताचा पेंढा) मात्र पोट भरण्यासाठी नको, त्यात दम नसतो, अंथरायला चालेल. लसूणघास पिल्लांना चांगला, पण मोठ्या सशाला रोज दिला तर त्यातल्या कॅल्शियमने लघवीचा त्रास होतो. गवताबरोबर रोज थोडा पाला: सांबार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना, मुळ्याचा पाला, स्वच्छ जागेवरची हरळी. बाजारातला पाला भरपूर पाण्यात धुवून द्या. पेलेट, म्हणजे सशाचं तयार दाणेदार खाद्य, रोज सशाच्या दर किलो वजनामागे २० ते २५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. गाजर गोड असतं, म्हणून एखादी चकती, तीही कधीतरी. संत्र्याची फोड मागे लागून देऊ नका, आपल्याकडे हंगामात घरात पेटी असते आणि मुलं प्रेमाने देत सुटतात. पोळी, बिस्कीट, कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही.

आता उन्हाळा. सशाला घाम येत नाही, अंगावरची उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. १५ ते २० अंश त्याला मानवतं, ३० च्या वर त्रास सुरू होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. बाल्कनीत पिंजरा ठेवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चांगलं काम करतो, मात्र हवेचा झोत थेट सशावर नको. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी मी एसीच लावते, कारण पश्चिमेच्या खोलीत कूलर पुरत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली की तो तिला टेकून पडतो. वीज जाते तेव्हा तीच कामी येते, म्हणून फ्रीजरमध्ये नेहमी दोन तयार ठेवा. ससा मान टाकून, तोंड उघडून धापा टाकताना दिसला तर कान साध्या गार पाण्याने ओले करा आणि लगेच दवाखाना गाठा. त्याला पाण्यात बुडवायचं नाही. आंघोळ तर एरवीही घालायची नसते.

पावसाळ्यात कूलरने दमटपणाच वाढतो, तो बंद. आणि माश्या. शेपटीखालची जागा ओली किंवा घाण राहिली तर माशी तिथे अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात. रोज उलटून बघा.

डॉक्टरबद्दल जरा जोर देऊन सांगते. कुत्र्यामांजरांचा चांगला डॉक्टर सशांचा असेलच असं नाही. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलीन हे अँटिबायोटिक सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्याने जीव जाऊ शकतो. गोचिडांसाठी कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलचे थेंबही सशाला विषारी. म्हणून आधीच फोन करून विचारा, सशांच्या शस्त्रक्रिया करता का, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का. सशाला उपाशी ठेवत नाहीत, हे जो स्वतःहून सांगेल तो जाणकार. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या दवाखान्यातही चौकशी करा. मादी असेल तर नसबंदीचं बोला. न केलेल्या माद्यांना वयानुसार गर्भाशयाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात होतो. नर-मादी एकत्र ठेवलीत तर साधारण ३१ दिवसांत पिल्लं.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका, विकणारा काहीही म्हणो. शेतात सापडलेला रानससा तर आणूच नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे, आणि तो घरात जगतही नाही. मुलीला सांगा, कान धरून उचलायचं नाही, आणि उचलताना मागचे पाय हातावर टेकलेले हवेत. हवेत लटकून जोरात लाथ मारली तर सशाचाच मणका मोडतो. तिने जमिनीवर बसून वाचावं, तो स्वतः जवळ येईल. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात, म्हणून सतरंजी अंथरा. चार्जरच्या वायरी उचलून ठेवा किंवा पाइपात घाला.

ससा आठ-दहा वर्षं जगतो. मुलगी बारावीनंतर शिकायला बाहेर गेली तर त्याचं सगळं तुम्हा दोघांकडे येणार. ते मान्य असेल तरच हो म्हणा, आणि आणायचाच तर दिवाळीनंतर आणा. थंडीत तो घराला सरावतो आणि मार्च येईपर्यंत तुम्हालाही त्याच्या लेंड्यांचा, खाण्याचा अंदाज आलेला असतो.