गच्चीवरच्या भाजीला अनुदान मिळतं का?

प्रश्न : आम्ही भुसावळच्या मुस्लिम अन् बौद्ध बायांचा बचत गट आहे, गच्चीवर मेथी-वांगी लावतो, उन्हाळ्यात बिबड्या (ज्वारीचे पापड) अन् केळीचे वेफर्स करून विकतो. अल्पसंख्याक म्हणून अनुदान मिळेल का?

उत्तर : ताई, आधी हे ऐका, अल्पसंख्याकांसाठीचं मौलाना आझाद महामंडळ मुख्यतः कर्ज देतं, म्हणजे ते फेडायचं असतं, फुकटचे पैसे समजून सह्या करू नका. तुमचा खरा डाव बिबड्या-वेफर्सवर आहे. २०२० ला केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आली, पीएमएफएमई म्हणतात तिला, त्यात अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटाच्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवल, म्हणजे धंदा उभा करायला लागणारा पैसा आहे, छोटी अवजारं अन् खेळतं भांडवल यासाठी. मोठं मशीन घ्यायचं तर बँक कर्जावर ३५ टक्के सबसिडी, पण ती लगेच हातात येत नाही, कर्जखात्यात अडकून राहते अन् हप्ते नीट गेले तर तीनेक वर्षांनी कर्जात वळती होते, हे कोणी सांगत नाही बघा! जळगाव जिल्ह्याला या योजनेत केळी हेच पीक दिलंय, त्यामुळे वेफर्सचा अर्ज आधी टाका. चौकशी कृषी खात्याच्या जिल्हा कार्यालयात करा, अर्ज भरून द्यायला तिथे योजनेचाच माणूस असतो, एजंटला पैसे देऊ नका. मेथी-वांग्यांसाठी कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे त्या समाजकामासाठी देतात तो पैसा, बघता येईल, पण त्याला नोंदणीकृत संस्था लागते, नुसता गट चालत नाही, म्हणून एखाद्या ट्रस्टला सोबत घ्या. अन् गटाचं हिशोबाचं रजिस्टर आजपासूनच नीट लिहा, बँकवाला पहिले तेच मागतो.