मशीन नंतर घ्या, आधी ‘वाळलं’ आणि ‘पक्कं झालं’ यातला फरक पाहा

तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींवर मी अडकले. वीस काळे टी-शर्ट, एका रंगाचं डिझाइन, घरीच स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई ओढून, छापायचे आहेत. पहिली स्क्रीन (ती ताणलेली जाळी) धुताना इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा उजेडाने कडक होणारा थर, सगळंच्या सगळं निघून गेलं. दुसरी कशीबशी जमली, पण त्यावर छापलेला शर्ट दोन धुण्यांत फिका पडला. आणि आता तुम्ही विचारताय की चार हातांची, म्हणजे चार स्क्रीन धरणारी मशीन घेऊ का.

आत्ता घेऊ नका. मशीन या दोन्हींपैकी एकही दुखणं बरं करणार नाही. एका रंगासाठी एक सपाट फळी आणि तिला स्क्रीन धरणारे दोन बिजागरीचे क्लॅम्प पुरतात. मी कित्येक वर्षं तेवढ्यावरच छापलंय. मशीन लागते ती दोन-तीन रंग एकमेकांवर नेमके बसवायचे असतात तेव्हा.

तुमची दोन्ही दुखणी मुळात एकच आहेत. हाताला कोरडं लागलं म्हणजे काम झालं असं तुम्ही धरलंत. इमल्शन वाळणं वेगळं आणि उजेडाने कडक होणं वेगळं. शाई वाळणं वेगळं आणि उष्णतेने कापडात पक्की होणं वेगळं.

आधी स्क्रीन. इमल्शन लावण्यापूर्वी जाळी डीग्रीझरने धुतली होती का? नवी जाळी दिसायला स्वच्छ असते, पण हाताचं तेल तिच्यावर असतंच आणि तिथे इमल्शन धरत नाही. लावताना दोन्ही बाजूंनी एकेक पातळ हात पुरे. मग अंधारात, छापायची, म्हणजे कापडाला लागणारी बाजू खाली करून, आडवी ठेवून पंख्यावर वाळवा. दमट हवेत वरून कोरडी वाटणारी स्क्रीन आतून ओली असते, आणि ओलं इमल्शन उजेडात नीट कडक होत नाही. शंका असेल तर रात्रभर ठेवा. पिवळा दिवा चालतो, ऊन आणि साधी ट्यूब नाही.

इमल्शन डायझोचं (उजेडाने कडक करणारं डायझो हे रसायन वेगळं मिसळायचं) किंवा तयार फोटोपॉलिमरचं घ्या. डायक्रोमेट घालून बनवायचं जुन्या पद्धतीचं मिश्रण स्वस्त पडतं, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. घरात, तेही मोरीत धुवायचं असेल तर ते आणूच नका. यावर मला चर्चाही करायची नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळ्यात छापलेलं डिझाइन. ती स्क्रीनवर ठेवून उजेड दिला की काळ्याखालचं इमल्शन कच्चं राहून धुतलं जातं आणि बाकीचं कडक होतं. ती किती काळी आहे हे दिव्यासमोर धरून बघा. काळ्या भागातून उजेड दिसत असेल तर त्याच प्रिंटच्या दोन प्रती एकमेकींवर तंतोतंत चिकटवा. आणि स्क्रीनच्या आतून, म्हणजे शाई घालतो त्या बाजूने पाहिल्यावर अक्षरं सुलट दिसली पाहिजेत. पॉझिटिव्ह जाळीला काचेने घट्ट दाबलेली हवी, नाहीतर उजेड कडेने आत शिरतो आणि बारीक रेषा बुजतात.

आता खरा मुद्दा: किती वेळ उजेड द्यायचा? दुसऱ्या कुणाची मिनिटं तुमच्या उपयोगाची नाहीत. दिवा वेगळा, अंतर वेगळं, इमल्शनचा थर वेगळा. एक स्क्रीन चाचणीसाठी खर्च करा. बारीक रेषा आणि छोटी अक्षरं असलेली पॉझिटिव्ह लावा. सगळ्या स्क्रीनला दोन मिनिटं उजेड द्या, मग एक पट्टी पुठ्ठ्याने झाका, आणखी दोन मिनिटं, पुढची पट्टी झाका. असं करत गेलात की एकाच स्क्रीनवर दोन, चार, सहा, आठ आणि दहा मिनिटांच्या पट्ट्या मिळतात.

मग दोन्ही बाजूंनी पाणी मारून मिनिटभर थांबा आणि हलक्या फवाऱ्याने धुवा. इथे घाई करू नका, बोटांनी शिका. आधी डिझाइनच्या जागी फिकट रेषा उमटतात, मग त्या पारदर्शक होऊन पलीकडचं दिसायला लागतं. आता जाळीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा. कमी वेळाच्या पट्टीवर ते शेवाळावरून फिरल्यासारखं बुळबुळीत सरकेल. उजेड छापायच्या बाजूने आला, बाहेरचा थर कडक झाला, आतला कच्चा राहिला, त्याचा हा बुळबुळीतपणा. तुमचं इमल्शन निघून गेलं त्याचं कारण बहुधा हेच. जास्त वेळाच्या पट्टीवर उलट होतं: थर टणक, पण बारीक रेषा उघडतच नाहीत. बोट बुळबुळणार नाही आणि रेषाही उघडतील ती पट्टी तुमची. डायझोत आणखी एक खूण मिळते. वेळ वाढेल तसा थराचा पिवळेपणा कमी होत जातो, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांच्या रंगात फरक दिसेनासा झाला की डायझो संपलेलं असतं.

जाळी ४३ टीची घ्या, म्हणजे सेंटिमीटरला ४३, इंचाला साधारण ११० धागे. काळ्या कापडावर पांढरी शाई भरपूर पडावी लागते, बारीक जाळीतून ती पुरेशी उतरत नाही. फारच नाजूक रेषा असतील तरच ६१ टी.

छापताना फळीवर हलका स्प्रे गम मारून शर्ट सुरकुती न ठेवता बसवा. स्क्रीन कापडाला टेकलेली नको. क्लॅम्पखाली पुठ्ठा घालून दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवा, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की मागची जाळी लगेच सुटते आणि कडा स्वच्छ येतात. स्क्वीजीचं रबर कडकपणाच्या शोर मापात सत्तरच्या आसपास असावं, तिची धार बोथट झालेली नसावी. आधी स्क्रीन किंचित उचलून, दाब न देता शाई डिझाइनवर पसरवा, मग खाली ठेवून उभी धरलेली स्क्वीजी एका दमात ओढा. दाब बरोबर असेल तर स्क्वीजीमागे जाळी जवळजवळ कोरडी दिसते.

शाईची निवड. घरासाठी मी पाण्याच्या शाईच्या बाजूची आहे. प्रिंटचा स्पर्श मऊ राहतो, स्क्रीन पाण्याने धुता येते. तिचा हट्ट एकच: थांबलात की ती जाळीतच वाळते. वीस शर्ट एका बैठकीत छापा, मध्ये फोन घेऊ नका, दोन शर्टांच्या मध्ये डिझाइन शाईने झाकलेलं ठेवा, जवळ पाण्याचा फवारा असू द्या. प्लास्टिसोल, म्हणजे प्लास्टिकची शाई, जाळीत वाळत नाही, पण हवेत कापडावरही कधीच वाळत नाही. पूर्ण थर आरपार सुमारे १६० अंश सेल्सियसला पोहोचला तरच ती पक्की होते. केस वाळवायच्या यंत्राने ते होत नाही. आणि तिच्यावर उघडी इस्त्री टेकवली तर प्रिंट इस्त्रीला चिकटून येईल.

काळ्यावर पांढरी एका हातात सहसा झाकत नाही. छापा, शर्ट फळीवरून न हलवता गरम हवेने वरवर वाळवा, आणि पुन्हा तिथेच छापा. क्लॅम्प लागतात ते यासाठी. शर्ट शंभर टक्के सुती घ्या. पॉलिएस्टरचा रंग गरम झाला की वाफ होऊन शाईत शिरतो आणि लाल शर्टावरचं पांढरं डिझाइन गुलाबी होऊन बसतं.

आता फिक्या पडलेल्या शर्टाबद्दल. तुम्ही लिहिलंय की छापल्यावर तासाभराने इस्त्री फिरवली. तासाभराने शाई हाताला लागत नसली तरी आत पाणी असतंच, आणि ते उडून जाईपर्यंत थराचं तापमान शंभर अंशांच्या पुढे सरकत नाही. इस्त्रीची सगळी उष्णता पाणी हाकलण्यातच गेली, बाइंडर, म्हणजे रंग कापडाला धरून ठेवणारा शाईतला घटक, कच्चाच राहिला. म्हणून शर्ट रात्रभर वाळू द्या. मग इस्त्री सुतीवर, वाफ बंद, मध्ये पातळ सुती कापड किंवा बेकिंग पेपर, आणि प्रत्येक जागेवर शाईच्या डब्यावर लिहिलेला वेळ घड्याळ लावून. डिझाइन इस्त्रीपेक्षा मोठं असेल तर प्रत्येक तुकड्याला तेवढाच वेळ, सगळ्याला मिळून नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. शेवटी उलटं करून मागूनही फिरवा. फिक्सर (शाई पक्की करणारं मिश्रण) घालायची शाई असेल तर तो वजन करूनच घाला, अंदाजाने नाही, आणि त्यावर सांगितलेले दिवस गेल्याशिवाय पाणी लावू नका.

वीस शर्टांना हात लावण्याआधी एका जुन्या काळ्या सुती शर्टावर डिझाइन छापा, सगळी पद्धत पूर्ण करा आणि मग ते डिझाइन कात्रीने मधोमध कापा. एक अर्धं कपाटात ठेवा, दुसरं रोजच्या कपड्यांबरोबर पाच वेळा धुवा. दोन्ही तुकडे खिडकीत शेजारी धरा आणि धुतलेला थोडा ताणून बघा. पांढऱ्यात फरक दिसला किंवा भेगा पडल्या तर उष्णता कमी पडली आहे, वेळ वाढवून पुन्हा एक तुकडा करा.