सार्कोफायटॉन ग्लॉकम हे मऊ प्रवाळ कसे दिसते आणि कोठे वाढते?

हे प्रवाळ मांसल अळंबीसारखे दिसते: खाली गुळगुळीत देठ आणि वर कडांना घड्या पडलेली, पिवळसर, तपकिरी किंवा हिरवट छत्री. छत्रीतून पॉलिप (एकत्र वसाहत करून हे प्रवाळ बनवणारे इवले जीव) बाहेर आले, की प्रत्येकाची पिसांसारखी 8 शुंडके स्पष्ट दिसतात. ते आत गेले, की पृष्ठभाग चामड्यासारखा वाटतो. अधूनमधून ही वसाहत काही दिवस मिटून राहते आणि वरचा मेणचट पापुद्रा टाकते, तेव्हा ती मेली असे कृपया समजू नये. कठीण प्रवाळांसारखा अखंड सांगाडा तिला नसतो. ऊतींमध्ये विखुरलेले चुन्याचे सूक्ष्म कण आधार देतात. तांबड्या समुद्रापासून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंतच्या उथळ, उबदार प्रवाळभित्तींवर ती वाढते, कारण तिच्या ऊतींतील एकपेशीय शैवालांना अन्ननिर्मितीसाठी सूर्यप्रकाश लागतो.