किल्ली असताना बेल का वाजवतेस?

प्रिय मैत्रिणी,

तुझे चार पानी पत्र वाचले. परदेशात शिकायला जाऊन तुला पाच महिने झाले. ज्या यजमान कुटुंबात तू राहतेस त्यात नवरा-बायको आणि त्यांचा शाळकरी मुलगा अशी तिघे माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी कुणीही तुला कधी वाकडा शब्द बोललेले नाही. तरीही तू समोर आलीस की त्यांच्या गप्पा थांबतात, सगळे जपून, सावकाश आणि सोप्या भाषेत बोलू लागतात, आणि ज्या ‘व्यक्तिमत्त्व विकासा’साठी तू एवढ्या लांब गेलीस तो काही घडतच नाही, अशी तुझी तक्रार आहे. वर्गातल्या इतर मुली किती बदलल्या याची यादीही तू जोडली आहेस. संस्थेकडे अर्ज करून दुसरे कुटुंब मागावे का, असे तू विचारतेस.

तिसऱ्या पानावर तू कंसात एक वाक्य लिहिले आहेस : ‘त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला घराची किल्ली दिली आहे, पण न सांगता आत शिरणे बरे दिसत नाही, म्हणून मी बेलच वाजवते.’ बाकीचे पत्र मी तूर्त बाजूला ठेवते, कारण तुझ्या तक्रारीचे मूळ मला या कंसात दिसते.

किल्लीच्या कड्याला त्या मुलाने रंगीत पेनाने तुझे नाव लिहून चिठ्ठी अडकवली, हेही तूच लिहिले आहेस. ती किल्ली दप्तराच्या आतल्या कप्प्यात पडून आहे आणि तू रोज संध्याकाळी दारात उभी राहून बेल वाजवतेस. मग घरातली बाई हातातले काम टाकून, ओले हात पुसत दार उघडते, तू तिची माफी मागतेस, ती ‘काही हरकत नाही’ म्हणते आणि तू सरळ आपल्या खोलीत जातेस. याला तू सभ्यपणा म्हणतेस. त्यांनी तुला घरचे माणूस मानले, ते मात्र तू गेले पाच महिने रोज नाकारते आहेस, आणि तेही इतक्या नम्रपणे की त्यांना तक्रार करायलाही जागा राहू नये.

बेल वाजली की कोणतेही घर सावरून बसते. चाललेला वाद अर्धवट राहतो, सोफ्यावर आडवा झालेला माणूस उठून बसतो, घडी न केलेले कपडे उचलले जातात आणि चेहऱ्यांवर पाहुण्यांसाठीचे हसू येते. ज्या गप्पा तुझ्या कानावर पडत नाहीत, त्या तूच बटण दाबून थांबवतेस. आणि मग हे लोक माझ्याशी मोकळे होत नाहीत, असे मला लिहितेस!

तुझी मैत्रीण याला ‘कल्चर शॉक’, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का, म्हणते आणि तुलाही ते पटले आहे. मला ते पटत नाही. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली या विषयावर जो लेख प्रसिद्ध केला, त्यात परक्या देशात रुळण्याचे चार टप्पे सांगितले आहेत. पहिला टप्पा नवलाईचा असतो; त्या काळात माणूस बहुधा हॉटेलात राहतो आणि परदेशी माणसाशी अदबीने वागणारे लोकच त्याला भेटतात. खरा त्रास दुसऱ्या टप्प्यात सुरू होतो, जेव्हा रोजच्या अडचणींशी गाठ पडते आणि त्या देशावर, तिथल्या माणसांवर राग येऊ लागतो. तुझ्या चार पानांत मी तो राग शोधला. एकही ओळ सापडली नाही. तू अजून पहिल्या टप्प्यातच आहेस, फक्त नवलाई ओसरली आहे, आणि हॉटेल मिळाले नाही म्हणून एका चांगल्या घराचे तू हॉटेल करून टाकले आहेस. दुसरे कुटुंब मिळाले तरी त्या दारालाही बेल असेलच.

म्हणून अर्ज करू नकोस. उद्या संध्याकाळी किल्लीने दार उघड, आत पाऊल टाकताच ‘मी आले’ असे घरभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांग, आणि खोलीत न जाता ती माणसे जिथे असतील तिथे जाऊन बस. (रात्री फार उशीर होणार असेल तर आधी कळवावे, पण ते घरचे माणूसही कळवतेच.) पहिले काही दिवस तू नेमकी नको त्या वेळी आत शिरशील, कुणाचे तरी रडणे किंवा भांडण तुझ्यासमोर उघडे पडेल आणि कुठे बघावे हे तुला कळणार नाही. तरीही तिथून उठू नकोस. परक्या घरात अवघडून बसून राहता येणे, हीच तू ज्याला ‘व्यक्तिमत्त्व विकास’ म्हणतेस त्याची पहिली इयत्ता आहे, आणि रोज रात्री वहीत स्वतःची प्रगती लिहून काढल्याने ती पार पडत नाही.

महिनाभराने त्या बाईंनी कधी तुझ्यावर आवाज चढवला, खरकटी ताटली तशीच टाकल्याबद्दल किंवा दिवा चालू ठेवल्याबद्दल तुला चार शब्द सुनावले, तर मला लगेच कळव. त्या पत्राला मी आनंदाने उत्तर देईन.