पार्टला सेकंड हॅंड भाव नसतो

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास आशीर्वाद.

परवा रात्री अकराला तुझा फोटो आला. स्कोडाची लाल ऑक्टाव्हिया आरएस (ऑक्टाव्हियाचं वेगवान रूप), २०१८ चं मॉडेल, एमएच-०९ पासिंग, दुसरा मालक, बावीस लाख. खाली एकच ओळ: ‘मास्तर, घेऊ का?’ त्याच वेळी फोन केला असता तर तोंडातून ‘नको’ निघालं असतं आणि तू ती घेतलीच असतीस. पंचवीस वर्षं उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत पोरांना लेथ शिकवली, एवढं कळतं मला. म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी तू चुकीची निवडलेली नाहीस. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटनमीटर टॉर्क, शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, आणि एवढं करून चार दारं आणि पोतंभर तांदूळ मावेल अशी डिकी. तुझ्या आईला मागं बसवून खानापूरला नेता येईल. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली जर्मन गाडी मागितली असतीस तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंत मोठमोठे हंप आहेत, त्यांतल्या पहिल्याच हंपावर तिचं पोट खरवडलं असतं.

पण तू मला गाडीची किंमत सांगितलीस, गाडीचा खर्च सांगितला नाहीस. गेल्या वर्षी सेकंड हॅंड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायला आपण दोघं गेलो होतो, आठवतं? मालक रंग दाखवत होता आणि तू स्पिंडलला डायल लावून बसला होतास. बॉलस्क्रूचा बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, मोजलास, आणि नवा बॉलस्क्रू कितीला पडतो ते विचारल्याशिवाय भाव बोलला नाहीस. तो तूच होतास ना रे? मग लाल रंग बघितल्यावर ते डोकं कुठं गेलं?

गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते. तिच्या पार्टची उतरत नाही. ब्रेक डिस्क, टर्बो, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारा त्याचा मेंदू), अंगावर येणारे ते पातळ भिंतीचे टायर, हे सगळं आजच्या नव्या भावानंच घ्यायचं. बावीस लाखांत घेतलीस म्हणून काउंटरवरचा माणूस तुला बावीस लाखांच्या गाडीचा पार्ट देत नाही. ती शोरूममधून बाहेर पडली तेव्हा ज्या थाटाची होती, त्या थाटाचं बिल आयुष्यभर येत राहतं. तो थाट परवडला म्हणूनच पहिल्या मालकानं घेतली होती, आणि दुसऱ्याला परवडेना म्हणून ती आज तुझ्या फोनवर आली असेल. असेलच असं नाही. पण हा प्रश्न स्वतःला विचारून बघ.

कराचंही तेच. एमएच-०९ ची गाडी कायमची बेळगावात ठेवायची म्हणजे केए-२२ पासिंग करून घ्यावं लागणार. आपल्या भागाचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. गाडीच्या सीमाप्रश्नाला मात्र कायद्यानं मुदत घातलीय: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवलेल्या गाडीला तिथला नंबर घ्यावाच लागतो. कोल्हापूरच्या आरटीओतून एनओसी (हरकत नसल्याचा दाखला), म्हणजे फॉर्म २८. विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. मालकानं कर्ज काढलं असेल तर बॅंकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५. मग इथं कर्नाटकाचा लाइफटाइम टॅक्स. वीस लाखांवरच्या नव्या गाडीला तो १८ टक्के, वर सेस. तुझ्या गाडीला त्याचा वयाप्रमाणे घटलेला हिस्सा भरावा लागेल, पण हिशेब धरतात तो गाडीच्या मूळ किमतीवरून, तू मोजलेल्या बावीस लाखांवरून नव्हे. बघ, नवेपणीची किंमत पुन्हा मानगुटीवर बसलीच. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी कागद फिरवावे लागतात आणि ते पैसे हातात पडेपर्यंत धरायचे नसतात. कराचा आकडा आरटीओतून लिहून आण. एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर भाव ठरवू नकोस.

आणि ‘कोण विचारतंय, चालवतात की लोक एमएच नंबरावर’ हे मला ऐकवू नकोस. चालवतात. लाल रंगाची, फुस्स आवाज करणारी गाडी काकती नाक्यावर कुणी बघणार नाही असं तुला वाटत असेल तर आनंद आहे.

आता हप्ता. सात लाख हातचे आणि पंधरा लाख कर्ज म्हणालास. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त लागतं. १२ टक्के धर, पाच वर्षं धर. महिन्याला सुमारे ३३,३७० रुपये, आणि पाच वर्षांत पाच लाखांच्या वर नुसतं व्याज. नोकरदार माणसाला हे जमेलही. तुझा धंदा जॉबवर्कचा आहे. हायड्रॉलिकच्या पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, कधी एकशे वीस दिवसांनी, हप्ता मात्र पाच तारखेला कापला जातो. एका महिन्यात गाडीचा हप्ता आणि पोरांचा पगार समोरासमोर उभे राहिले तर तू कुणाचा चुकवशील? पगार चुकवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून तर काळजी वाटते.

माझं मत विचारशील तर कर्ज आठ लाखांच्या वर नको, आणि गाडी घेतल्या दिवशी वेगळ्या खात्यात चार लाख हवेत. त्या खात्याला गाडीशिवाय हात लावायचा नाही, बहिणीच्या लग्नालाही नाही. एवढं जमत नसेल तर दीड वर्ष थांब. तोवर आणखी दोन-चार आरएस बाजारात येतील आणि तुझ्या शेडमध्ये तिसरं मशीन उभं राहील. मशीन कमावून देतं, गाडी नाही देत, हे मी तुला सांगायला नको.

हे सगळं मला कसं कळलं ते तुला ठाऊक नाही. घरात त्या गाडीचं नाव निघत नाही. २००७ मध्ये मी एका मोठ्या शहरातल्या डीलरकडून दोन दारांची गाडी घेतली होती. काळी, चकचकीत, आतमध्ये चामड्याचा वास. तो वास मुद्दाम मारलेला होता हे फार उशिरा कळलं. पहिल्याच पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या अलीकडे, धुक्यात, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गाडी मेली. फ्लॅटबेड यायला पाच तास. पुढं वायरिंग उघडलं तर कनेक्टरमध्ये हिरवा गंज. एका मिस्त्रीनं सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून दाखवला: शेवटच्या हातभर पट्ट्यावर सुकलेल्या चिखलाची रेघ. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात बुडालेली गाडी होती ती. आयुष्यभर मायक्रॉनमध्ये बोलणारा माणूस मी, आणि एक पट्टा ओढून बघितला नाही. सात महिने ती फणसाखाली ताडपत्रीत उभी होती. तुझ्या काकू एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी अर्ध्याहून कमी भावाला दिली, आणि घेणाऱ्याला पुराचं सगळं सांगून दिली, एवढंच समाधान.

आता तुझी गाडी कोल्हापूरची. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर तू बघितलास. २०१९ ला तर आपल्याकडं चिक्कोडी, गोकाकपर्यंत पाणी होतं. ही गाडी दोन्ही वेळी कोल्हापुरात असणार. ती बुडाली असं मी म्हणत नाही, पण न बघता घ्यायची नाही. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचे. सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट हात घालून बघायचे. डिकीतलं स्टेपनीचं खोलगट भांडं, कार्पेटखालचा फेल्ट, हेडलाइटच्या आतली काच. एसी पूर्ण गरम करून नाक लावायचं. कुबट वास थंडीत लपतो, गरमीत बाहेर येतो. वर्कशॉपमधून चेसिस नंबरावर सर्व्हिसची सगळी नोंद काढायची, आणि ऑगस्ट २०१९ किंवा जुलै २०२१ नंतर लगेच मोठं बिल आहे का ते बघायचं.

दुसरी मोठी भीती रिमॅपची, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेलं असण्याची. आरएस घेणारा माणूस ती जशीच्या तशी ठेवतो असं फार कमी वेळा होतं. कुणी ‘स्टेज वन’, म्हणजे त्यातली पहिली पायरी, करतो, कुणी डाऊनपाइप (टर्बोमागचा सायलेन्सरचा पाइप) बदलून धूर साफ करणारा कॅटॅलिटिक काढून टाकतो, आणि विकायच्या आधी सॉफ्टवेअर पुन्हा कंपनीचं भरतो. सायलेन्सरचे क्लॅम्प आणि वेल्डिंग बघ. वेल्डिंगची ओळ कंपनीची की कुणा गॅरेजची हे तुला मी शिकवायला नको. कॅट काढलेली गाडी कायद्यातही बसत नाही आणि अपघातात विमा कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळतं. मालकानं प्रामाणिकपणे ‘केलं होतं’ म्हणून मूळ पार्ट काढून दाखवले तर मी त्याला दोन मार्क जास्त देईन.

गिअरबॉक्स सहा गिअरचा ओला डीएसजी, म्हणजे तेलात बुडालेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक. चांगला आहे, पण त्याचं तेल साठ हजार किलोमीटरला बदलावं लागतं, आणि बऱ्याच जणांना हे बिल आल्यावरच कळतं. चढावर हळूहळू सरकवून बघ, रिव्हर्सला थरथरतो का ते बघ. या इंजिनाच्या कूलंट पंपाचं घर प्लास्टिकचं असतं आणि तिथून गळती लागते, ही या गाड्यांच्या मिस्त्रींना पाठ असलेली गोष्ट. वाळलेल्या गुलाबी खुणा शोध. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारी टायर एकाच कंपनीचे नसतील तर मालकाचा हात आखडता होता असं समज, आणि जिथं दिसत नाही तिथंही तो आखडताच राहिला असेल.

रंगाचं मी बघतो. कंपनीच्या रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो. दोनशेच्या वर गेला की ते पॅनल पुन्हा रंगवलंय. जाडी मोजायचं माझं मीटर अजून चालतं.

विम्याबद्दल दोनच गोष्टी. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. त्याच्या पॉलिसीवरचा प्रीमियम बघून हिशेब करू नकोस. आणि पाण्यात इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते धरत नाहीत, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आपल्या पावसात ते घेच.

पेट्रोलचं मात्र मला हसू येतं. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, आणि त्यातला पाचवा हिस्सा आपल्याच उसाचा असेल, निपाणी-संकेश्वरच्या आजूबाजूला डिस्टिलऱ्या काय थोड्या आहेत? पण ही गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची, ई-२० साठी जुळवलेली नव्हे. म्हणून रबरी नळ्यांवर नजर ठेव आणि टाकी भरून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नकोस. इथेनॉल ओल धरतं. ॲव्हरेज विचारू नकोस, विचारणाऱ्यानं ही गाडी घ्यायची नसते.

आणि चालवणार कुठं? चौपदरी हायवेला मर्यादा शंभरची. ६.८ सेकंदांत तिथं पोचायचं आणि कायद्यानं तिथंच थांबायचं. वंटमुरीच्या उतारावर ट्रॅक्टर उलट्या बाजूनं येतो, तोही उसानं भरलेला, मागं दिवा नसलेला. पाय मोकळा करायचा असेल तर कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एक दिवस घे. लांब आहे, पण तिथं समोरून ट्रॅक्टर येत नाही.

रविवारी बघायला जायचं ठरवलंयस ना? मीही येतो. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावणारा माणूस मी बोलावून ठेवतो. इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग, तिन्हीकडचे एरर आणि जमलं तर तिन्हीकडचं किलोमीटर जुळतंय का ते बघू. टोकन म्हणून एक रुपयासुद्धा आधी पाठवू नकोस, मालक कितीही म्हणाला की दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याला एवढंच सांग, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, बोनेट हाताला थंड लागलं पाहिजे. सकाळी सहाला मी दुसऱ्या रेल्वे गेटपाशी उभा असतो. तुझी जुनी स्विफ्टच घेऊन ये.

तुझा
मास्तर