जायच्या आधीच परतीची भाषा?

पत्र : मुलगी 13 वर्षांची, यंदा आठवीत जाणार. 400 मीटर धावते. परराज्यातल्या सरकारी निवासी क्रीडाशाळेत तिची निवड झाली, वाड्यावर पेढेही वाटून झाले. ती "जाईन" म्हणते, पण रात्री हळूच विचारते, "आवडलं नाही तर परत येता येईल?" ते ऐकून तिचे पप्पा भडकले, "जायच्या आधीच परतीची भाषा?" मी काय करू? – एक आई, साखळी (गोवा)

ताई, लेकीने नेमका प्रश्न विचारलाय. बहुतेक पालकांना तो दाखला काढून झाल्यावर सुचतो.

अशा शाळांत दरवर्षी चाचणी होते आणि ज्यांची प्रगती थांबली त्यांना घरी पाठवतात. मैदानावर त्याला 'वीडआउट' म्हणतात. म्हणजे परत पाठवायचा हक्क शाळेने आपल्याकडे ठेवलेलाच आहे. मग परत यायची वाट मुलीने विचारली तर बिघडलं कुठे, एवढंच पप्पांना शांतपणे विचारा.

शाळेकडून लेखी घ्या : चाचणी कधी, कशावर, सुधारायला किती मुदत, आणि दुखापत झाली तर किती महिने ठेवून घेणार. मी यावर अडून बसायला सांगते त्याला कारण आहे. या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ सरत आलेला असतो, पाळी सुरू होते, कंबर रुंदावते, वजन वाढतं. 400 मीटरची वेळ कित्येक महिने जागची हलत नाही, कधी मागेही जाते. तो आळस नसतो. जाणकार कोच तेवढा काळ थांबतो. नुसत्या स्टॉपवॉचवर चालणारी शाळा मात्र नेमक्या त्याच वर्षी मुलीला घरी धाडते.

दुसरी अडचण बोर्डाची. ती शाळा सीबीएसईची असेल, तर तिथे नववी-दहावी सलग धरतात आणि नोंदणी नववीतच होते, त्यामुळे मध्येच बोर्ड बदलणं फार जड जातं. गोवा बोर्ड खेळाडूंना देतं ते क्रीडागुणही बोर्ड सोडल्यावर राहत नाहीत. म्हणून आठवी हे अजमावून बघायचं वर्ष समजा आणि नववीची नोंदणी व्हायच्या आत पक्कं काय ते ठरवा. स्पर्धेत ती गोव्याकडून उतरणार की त्या राज्याकडून, हेही आत्ताच विचारा. एकदा तिकडे नोंद झाली की परत यायला दोन्हीकडच्या संघटनांचं ना-हरकत पत्र मागतात आणि त्यात हंगाम निघून जातो.

केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया' योजनेचे सहा लाख मिळतील असं कोणी सांगितलं असेल तर नीट ऐका. वर्षाला 6.28 लाख हा एका खेळाडूवरचा एकूण खर्च आहे. त्यातले 1.20 लाख हातखर्चाला, बाकीचे प्रशिक्षण आणि राहण्या-खाण्यावर जातात. शिवाय त्या योजनेची निवड वेगळी होते. या शाळेत प्रवेश मिळाला म्हणून ते पैसे मिळत नाहीत.

शाळा बघायला जा, पण रविवारी नको. मधल्या वारी जा आणि वेळापत्रकाची बेरीज घरी येऊन करा. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. पहाटे पावणेपाचला उठवत असतील आणि दिवे दहाला जात असतील तर पावणेसात तासच झाले, आणि दुखापती तिथून सुरू होतात. आठवीच्या एखाद्या मुलीची विज्ञानाची वही मागून बघा. गेल्या स्पर्धेच्या आठवड्यातली पानं कोरी असतील तर बुडालेला अभ्यास कोणी भरून काढत नाही, हे न विचारता कळेल. फिजिओ आठवड्यातून किती दिवस येतो, मुलींच्या वसतिगृहावर रात्री बाई वॉर्डन असते का, घरी फोन कधी करता येतो, कोच मुलीला एकटीला खोलीत बोलावू शकतो का, हे सगळं न लाजता विचारा. शेवटच्या प्रश्नावर कोणी हसलं तर मी तिथे मुलीला पाठवणार नाही.

जायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर आधी इथल्या डॉक्टरांकडून उपचार घ्या. पेज, हुमण आणि नुस्त्यावर, म्हणजे भात-माशांवर, वाढलेली मुलगी रोटी-राजम्यावर आली की सुरुवातीला कमी जेवते आणि त्यातच सराव दुप्पट होतो. सुरू झालेली पाळी तीन महिने चुकली तर खाणं कमी पडत असू शकतं. ते लपवायचं नाही, तुम्हाला कळवायचं, असं तिला आत्ताच बजावा. सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही, हेही. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेत ते प्रमाणाबाहेर सापडलं तर डोपिंग ठरतं.

पप्पांना दुसरी बाजूही दाखवा. साखळीहून बांबोळीच्या सिंथेटिक ट्रॅकवर रोज जाऊन-येऊन शाळा सांभाळणं म्हणजे झोप नाहीतर अभ्यास, एक काहीतरी जाणारच. चांगली निवासी शाळा ती धावपळ वाचवते, म्हणून मी नको म्हणत नाही.

लेकीला असं सांगा : "मार्चपर्यंत राहून बघ. नको वाटलं तर परत ये, कोणी बोलणार नाही." पप्पांनी हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर फार बरं. पहिले सहा आठवडे रडू येतंच, त्यावर निर्णय घेऊ नका. चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी आली की परत जायला नको म्हणेल, त्याही आठवड्यात नको. मात्र त्रास दिल्याची, हात लावल्याची तक्रार असेल तर मार्चची वाट न बघता त्याच दिवशी आणायला निघा.

दाखला काढायला जाल तेव्हा पुढच्या वर्षी नववीत परत घेतील का, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. परराज्यासाठीच्या दाखल्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागते, तेव्हा शेवटच्या दिवसावर ढकलू नका.